फुरसे मारून संपत नाही

पाऊस लागला की भाट्ये परिसरात दर चार-आठ दिवसांनी कुठे ना कुठे 'जनावर निघाले' अशी हाकाटी होते आणि काठ्या बाहेर येतात. दंश झालेला रुग्ण माझ्याकडे आणतात तेव्हाही बरोबरच्या मंडळींचे पहिले वाक्य "मारला त्याला, डॉक्टर" हेच असते. दंश किती वाजता झाला, हे मात्र विचारावे लागते. पुष्कळदा मारलेला असतो बिचारा मांजऱ्या साप, जो फुरशासारखा दिसतो पण माणसाला त्याच्यापासून धोका नसतो.

फुरसे मारून संपत नाही, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. इंग्रजी अमदानीत इथे फुरसे मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. सहा वर्षे, दर वर्षी सरासरी २ लाख २५ हजारांहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद १८९० साली प्रसिद्ध झाली. तरी फुरसे आहेच! जांभ्याचा कातळ, त्यातल्या कपारी, दगडी गडगे, सगळी त्याची घरे. विंचू, बेडूक, पाली, किडे हे त्याचे अन्न. तेही आपल्या परसात भरपूर.

म्हणून माझे मत असे की काठीपेक्षा खराटा हाती घ्यावा. माडाच्या झावळ्या, सोडणे आणि उरलेले चिरे घराच्या भिंतीला टेकून महिनोन् महिने पडलेले असतात. ते आधी हलवा. सरपण भिंतीपासून दूर, उंचावर रचा. अंधारात ढिगात हात घालू नका, रात्री बाहेर पडताना पायांत चप्पल आणि हातात बॅटरी हवीच. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. फिनेल शिंपडण्यावर माझा विश्वास नाही.

आता दंशाविषयी. फुरसे लहान, बहुधा दीड-दोन फुटांच्या आतले, त्यामुळे "एवढेसे तर होते" म्हणून लोक घरी थांबतात. याच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. सुरुवातीला नुसती सूज आणि दुखणे असते. हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होते. अशा माणसाच्या जखमेवर ब्लेडने चीर देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे आहे. घट्ट दोरीही बांधू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, हातपाय हलू न देता रुग्णाला न्यावे. अॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत.

भगताकडे तास-दोन तास घालवण्याचे भाट्येकरांना तर काहीच कारण नाही. खाडीवरचा पूल ओलांडला की रत्नागिरी, तिथे जिल्हा रुग्णालय. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. रुग्णालयात थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर प्रतिविषाचे इंजेक्शन शिरेतून सुरू होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर ते एकच असते, तेव्हा साप मारून पिशवीतून आणण्याची गरज नाही. पहिली तपासणी चांगली आली तरी ती पुन्हा करतात, म्हणून "आता बरे वाटते" म्हणत रुग्णाला लगेच घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

आणि घरात साप दिसलाच तर मुलांना बाहेर काढा, लांबून त्याच्यावर लक्ष ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा.