भरतीची धाव : किती पळायचे, कधी थांबायचे?

फजरची नमाज आटोपली की पोलीस भरतीची तयारी करणारी मुले बिलोली परिसरातल्या रस्त्यांवर पळताना दिसतात. मुलीही मागे नाहीत. ही जिद्द कौतुकाची आहे. पण रोज जीव तोडून पळणे म्हणजेच तयारी, हा समज अनेकांना ऐन चाचणीच्या वेळी घरी बसवतो.

मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यातले 20 गुण मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे. पूर्ण गुणांसाठी मुलांना 5 मिनिटे 10 सेकंद, मुलींना 2 मिनिटे 50 सेकंदांची वेळ गाठावी लागते. म्हणजे 400 मीटरची फेरी मुलाने साधारण 77, तर मुलीने 85 सेकंदांत संपवायची.

हा वेग येण्यासाठी आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा. 400 मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे. तीन दिवस सोबत्याशी बोलता येईल इतके सावकाश पळा. त्यातला एक दिवस थोडा लांबचा. एक दिवस गोळाफेकीला, एक दिवस पूर्ण विश्रांतीला.

विश्रांती कशासाठी? दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे मात्र सावकाश बळकट होतात. दम आहे म्हणून अंतर एकदम वाढवले की नडगी दुखू लागते. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. शक्यतो डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या मैदानावर पळा. रमजानमध्ये रोजा असताना वेगाचा सराव नको. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हलके पळावे.

आपल्याच मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज मैलोगणती पायी जात असे. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. पायांना सवय आधी लागली, वेग नंतर आला.

अम्मी-अब्बांनाही एक सांगणे. सुटीच्या दिवशी मूल उशिरापर्यंत झोपले तर त्याला आळशी म्हणू नका. शरीराची डागडुजी झोपेतच होते. आणि अंडी, दूध, डाळ मुलाच्या ताटात जितकी, तितकीच मुलीच्याही ताटात वाढा. मैदानात तिलाही तेवढाच घाम गाळायचा आहे.