शहरातला फ्लॅट : ठेवावा की मोडावा?

उसाची बिले बरी आली त्या सालांत आपल्यातल्या बऱ्याच सभासदांनी पुण्यात नाही तर तालुक्याला फ्लॅट घेतला. पोरं तिथं राहून शिकली, नोकरीला लागली, आता त्यात भाडेकरू आहे. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली की हल्ली हाच विषय निघतो.

माझे मत असे, की बाजारभाव नंतर बघा, आधी अंगावरचे कर्ज बघा. समजा, फ्लॅटची किंमत ४० लाख आणि भाडे महिना ११ हजार. घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, रंगरंगोटी, एखादा रिकामा महिना जाता वर्षाला लाखभर हाती राहतात; शेकडा अडीच. इकडे विहीर-पाइपलाइनचे २५ लाख पतसंस्थेकडून १३ टक्क्यांनी उचललेले असतील, तर सव्वातीन लाख नुसते व्याज जाते. अशा सभासदाने खुशाल विकावा. "जागेचा भाव वाढतोय की!" वाढतोय, पण त्या वाढीतून मार्चचा हप्ता भरता येत नाही.

कर्ज पाच-सात लाखांचेच असेल, तर फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवून कमी व्याजाने ते फेडावे. मात्र बँकेला धनादेश थेट पतसंस्थेच्याच नावे काढायला सांगा. पैसा हातात आला की लग्नाचा मांडव मोठा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

कर्जच नसेल तर विकू नका. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत मिळायला हवे. पण वेळेवर मिळाले तरी (आपल्याच अंकात लिहितोय, संचालकांनी राग मानू नये) ते वर्षातून एकदाच. जूनमध्ये शाळेची फी आणि खताची पोती एकदमच येतात, तेव्हा भाड्याचाच आधार असतो.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घर विकून शेत घेतले की कर माफ, असा समज आहे. तसे नाही. ती सवलत कसलेली जमीन विकून जमीन घेणाऱ्याला. घराच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर दुसरे राहते घर घ्यावे लागते, किंवा सहा महिन्यांत ठराविक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवावा लागतो. नाहीतर दोन वर्षांवर ठेवलेल्या घराला साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल तर महागाईची वजावट धरून २० टक्क्यांचा जुना हिशेबही करून बघावा, कमी येईल तो भरावा.

ठेवणाऱ्यांनी भाडेकरार नोंदवलेला आहे का ते पाहावे. १९९९ च्या कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार लेखी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे आधी धरले जाते. पाव्हण्याचा पाव्हणा म्हणून तोंडी खोली दिलेले सभासद आपल्यात पुष्कळ आहेत.