पेशंटला पेशंट भेटू द्या

ऑक्टोबर आला की आमच्या काळेवाडी फाट्यापासून ते हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगांपर्यंत सगळीकडे गुलाबी रंग दिसायला लागतो. ऑफिसात गुलाबी टी-शर्ट, कॅफेटेरियात गुलाबी फुगे, रविवारी सकाळी पाच किलोमीटर चालणं आणि शेवटी ग्रुप फोटो. मग ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कॅन्सर जागरूकता दिन, ४ फेब्रुवारीचा जागतिक दिन. जागरूकतेला माझा विरोध नाही हो. लवकर सापडलेला कॅन्सर बरा होण्याची शक्यता जास्त, हे शंभर वेळा सांगायला हवंच. पण ज्याला ऑलरेडी झालेला आहे त्याच्यासाठी या सगळ्यात काय असतं? त्याची केमो चालू असते, तो काही पाच किलोमीटर चालायला येत नाही. तो घरात बसून असतो, आणि बर्‍याचदा शेजार्‍यांना 'कावीळ झालीय' असं सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोपं जाईल. कॅन्सरच्या पेशंटची त्याच ऑपरेशनमधून, त्याच औषधांतून गेलेल्या माणसाशी गाठ घालून देणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि आज ही गाठ पडत नसेल, तर ती आपण पडू देत नाही. आपण म्हणजे घरचे लोक आणि हॉस्पिटल, दोघं मिळून.

आता आमच्या धंद्यातलं एक उदाहरण. कंपनीत नवीन पोरगा जॉइन झाला की त्याला पहिल्या दिवशी एक 'बडी' मिळतो. हा बडी त्याचा मॅनेजर नसतो, ट्रेनरही नसतो. आयकार्ड कुठे मिळतं, कुठल्या बसला गर्दी कमी असते, कुठल्या मॅनेजरला दुपारी जेवणानंतर मेल टाकू नये, असल्या गोष्टी तो सांगतो. हे कुठल्याही डॉक्युमेंटात लिहिलेलं नसतं. एचआरला इतकं कळतं की एसी ऑफिसात कीबोर्ड बडवायला आलेल्या धडधाकट पोराला सोबत लागते. आणि ज्याचं अर्धं मोठं आतडं कापून काढलंय त्या माणसाला आपण काय देतो? एक फाइल. वर 'सकारात्मक राहा' हा सल्ला फुकट.

आतड्याचा विषय मुद्दामच काढला. काळेवाडीतच, विजयनगरला माझे मामा राहतात. आयुष्यभर भोसरीच्या वर्कशॉपमधे लेथवर काम केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि पोटावर स्टोमा काढला, म्हणजे आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून ठेवलं. त्यावर चकती चिकटवायची आणि चकतीला पिशवी लावायची. डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरने दहा मिनिटांत सगळं दाखवलं, चकतीला किती मोठं भोक कापायचं त्याचा एक कागदी साचा दिला, संपलं. (हॉस्पिटलचं नाव विचारू नका. सांगून काही होणार नाही, आणि बाकीची फार वेगळी असतील असं मला वाटत नाही.) मामीने तो साचा देव्हार्‍यात ठेवावा तसा जपून ठेवला आणि चार महिने त्याच मापाने भोक कापलं. पिशवी गळायची. कातडी सोलून लाल झाली. वास यायचा. मामांनी घराबाहेर पडणं बंद केलं, मग हॉलमधे येणं बंद केलं. नातवाला जवळ येऊ देईनात. दर फॉलोअपला डॉक्टर विचारायचे, काही त्रास? मामा म्हणायचे, नाही. रिपोर्ट चांगले होते. डॉक्टर खूश.

पुढचा योगायोग पाहा. मामी पिंपरी कॅम्पातल्या मेडिकलमधे पिशव्या घ्यायला उभी होती. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तोच डबा मागितला. मामीने विचारलं, कुणासाठी हो? तो म्हणाला, माझ्यासाठीच. सात वर्षं झाली. चांगला ताठ, इन केलेला शर्ट, हातात हेल्मेट! रविवारी तो गृहस्थ घरी आला, चहा पिऊन झाल्यावर दार लावून घेतलं आणि सरळ शर्ट वर केला. "पाव्हणं, बघा. आता तुमचं दाखवा."

मी होतो तिथे. पाच मिनिटांत त्याने चूक काढली. ऑपरेशननंतर पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, त्यामुळे भोकाचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचं असतं. जुन्या मापाने कापलं की मधली कातडी उघडी राहते, तिला मळ लागतो आणि ती जळते. मग ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही, म्हणून गळते. पुढचा अर्धा तास तो बोलतच होता. चकती लावण्याआधी तळहातांत धरून जरा गरम करा. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा, जड होऊ देऊ नका. गावाला जायच्या आदल्या दिवशी कोबी, अंडी, कांदा जपून खा. एसटीत जाताना पाण्याची बाटली आणि एक जादा पिशवी कायम जवळ. नाडी बांधायची ती पिशवीच्या कुठल्या बाजूने, हे पण. मामांनी शेवटी अगदी हळू आवाजात एक गोष्ट विचारली, ती इथे लिहीत नाही. त्याने त्याचंही उत्तर दिलं.

यातलं वैद्यकशास्त्र नवीन काहीच नव्हतं, स्टोमा-नर्सला हे सगळं पाठ असतं. पण मामांनी ते विचारलं कुणाला? शर्ट वर करणार्‍या माणसाला. डॉक्टरांपुढे मामा चार महिने 'काही त्रास नाही' म्हणत होते, हे विसरू नका. आणि ही गाठ पडली कशी, तर दोघांचा स्टॉक एकाच दिवशी संपला म्हणून! आमच्याकडे असा प्रोग्राम लिहिला तर कोड रिव्ह्यूमधे चपलेने मारतील.

हे ज्ञान कुठे साठलंय ते पाहायचं असेल तर मुंबईला जा. पिंपरी-चिंचवडचे कितीतरी लोक सकाळच्या सिंहगडने टाटा हॉस्पिटलला जातात. मुक्काम पडला तर काहीजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या इमारतीत राहतात. तिथे जिन्यात, नळावर, जेवणाच्या रांगेत जे चालतं ते कुठल्याही सेमिनारमधे मिळणार नाही. तोंड आलंय तर काय गिळता येतं, कुठल्या खिडकीवर आधी उभं राहायचं, रेल्वेत कॅन्सर पेशंटला सेकंड क्लासमधे ७५ टक्के आणि स्लीपर व थ्री एसीत १०० टक्के सवलत मिळते आणि तिचा फॉर्म कोण देतं.. हे सगळं लोकांना दुसर्‍या पेशंटकडून कळतं. गंमत म्हणजे ज्यांची उपचारांची सोय इथेच थेरगावात, पिंपरीत झाली, ते या सगळ्याला मुकतात. डे-केअरमधे केमो घ्यायची, संध्याकाळी रिक्षाने घरी. शेजारच्या खुर्चीवर सलाईन लावून बसलेल्या बाईचं नावसुद्धा माहीत होत नाही.

बरं, माहीत होणार कसं? आपण त्यांना बोलू देतो का? 'पेशंटला सांगू नका हं, खचून जातील' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. काळेवाडीत अर्ध्या गुंठ्यातल्या घरांत वरचा मजला भाड्याने घेऊन राहणारी निम्मी माणसं लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याची. कॉन्ट्रॅक्टची नोकरी जाईल, घरमालक खोली रिकामी करायला सांगेल, पोरीचं लग्न मोडेल, या भीती खोट्या नाहीत हे मला मान्य आहे. जगापासून लपवणं मी समजू शकतो. पण ज्याच्या शरीरात आहे त्याच्यापासून? केस गळतायत, उलट्या होतायत, वॉर्डाबाहेर मोठ्या अक्षरात 'ऑन्कॉलॉजी' लिहिलंय, आणि त्याला 'गाठ आहे साधी' सांगायचं. बहुतेकांना कळलेलं असतंच. मग घरचे त्याच्यासमोर नाटक करतात आणि तो घरच्यांसमोर. एवढ्याशा खोलीत सगळे नट, प्रेक्षक कोणीच नाही. आणि ज्याला स्वतःचा आजार मोठ्याने म्हणायची बंदी आहे तो दुसर्‍याला भेटून बोलणार काय, हवापाणी?

उलट पेशंट आपल्याला चालतो तो फोटोत. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशार्‍याने भरलेला असतो, त्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र. छान, असावंच. पण जबड्याचं ऑपरेशन झालेला जिवंत माणूस उद्या ऑपरेशन असलेल्याच्या कॉटपाशी बसून 'मी वरण-भात मिक्सरमधून काढून खातो, सहा महिन्यांनी बोलणं बरंच सुधारलं' हे सांगायला हॉस्पिटलात जाऊ शकतो का? त्याला गेटवर विचारतात, पास कुठाय?

डॉक्टरमंडळींचा आक्षेप मला माहीत आहे: पेशंट एकमेकांना काहीबाही सांगतात. गोमूत्र घ्या, लक्ष्मणफळ खा, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. खरं आहे, सांगतात. पण साहेब, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मेहुण्याकडून आधीच आलेलं असतं! तुम्ही तपासलेला, चार गोष्टी शिकवलेला, 'औषधाबद्दल एक शब्द बोलायचा नाही' अशी अट घातलेला जुना पेशंट हा त्यावरचा उतारा आहे.

हा आक्षेप जुनाच आहे. न्यूयॉर्कमधे १९५२ साली तेरेस लॅसर नावाच्या बाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालं. हात कसा हलवायचा, ब्लाऊजमधे काय घालायचं, कुणी काही सांगेना. त्या बर्‍या झाल्यावर इतर बायकांना भेटायला वॉर्डांत जाऊ लागल्या, हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी घेऊन. डॉक्टरांची परवानगी न घेता जातात म्हणून त्यांना हाकलण्यातही आलं. पुढे १९६९ मधे अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं 'रीच टू रिकव्हरी' हे काम आपल्याकडे घेतलं. आपल्याकडेही हे नवीन नाही. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७० च्या दशकात मुंबईत सुरू झाली. वंदना गुप्तांनी स्वतःच्या कॅन्सरनंतर १९९४ मधे 'व्ही केअर' काढली. आणि अगदी घरचं उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण, १९८६ सालचं. दारू सुटलेला माणूसच तिथे समुपदेशक होतो आणि दारू न सुटलेल्याशी बोलतो, यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही. ते उभं करणार्‍या डॉ. अनिता अवचट स्वतः कॅन्सरने १९९७ मधे गेल्या. बेवड्यांच्या बाबतीत जे आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी पटलं ते कॅन्सरच्या बाबतीत का पटत नाही?

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडतो. कृपा करून 'सपोर्ट ग्रुपने आयुष्य वाढतं' असं सांगत फिरू नका. १९८९ मधे डेव्हिड स्पीगलने ८६ बायकांच्या अभ्यासात गटात असलेल्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या असं दाखवलं, आणि तो आकडा अजून फॉरवर्ड होतो. पण २००१ मधे कॅनडात पामेला गुडविनने २३५ बायकांवर तेच करून पाहिलं, तर आयुष्यात फरक शून्य. २००७ मधे खुद्द स्पीगलच्या दुसर्‍या अभ्यासातही एकूणात फायदा दिसला नाही. जे टिकलं ते असं की ज्या बायका जास्त त्रासात होत्या त्यांचं मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या. मला तेवढं पुरेसं आहे. पिट्सबर्गमधे स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासात तर असं निघालं की घरून आधार नसलेल्यांना गटातल्या गप्पांचा फायदा झाला, पण भरपूर आधार असलेल्यांना तोटाच झाला, आणि नुसत्या गप्पांपेक्षा माहिती देणारे वर्ग जास्त उपयोगी पडले. म्हणजे सगळ्यांना धरून गोलात बसवायचं आणि टाळ्या वाजवायच्या, हे नको. एकाला एक. त्याच ऑपरेशनचा, शक्यतो त्याच वयाचा, त्याच भाषेतला. आणि हातात काहीतरी ठोस सांगण्यासारखं असलेला.

एक प्रश्न मात्र अवघड आहे. ज्याच्याशी गाठ घालून दिली तोच गेला तर? असं होणार. कॅन्सर आहे, सर्दी नाही. मामांचा तो दोस्त ठणठणीत आहे, पण मामांनी ज्या एकाला पिशवी लावायला शिकवलं, रहाटणीचा, तो गेल्या वर्षी वारला. मामा चार दिवस जेवले नाहीत. मामी म्हणाली, आता बास ही दगदग. त्यावर मामांचं उत्तर होतं, "तो मरेपर्यंत कोरडा होता." मला यात भर घालता येत नाही.

तर मागणी काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, कागदपत्रं बघायला. मित्र हा शब्द सरकारने आधीच वापरलाय, तर जिथे कॅन्सरचे उपचार होतात तिथे त्याच टेबलाशेजारी अजून एक खुर्ची टाका. आठवड्यातून दोन दुपारी तिथे जुना पेशंट बसेल, त्याला चहा आणि रिक्षाभाडं द्या. मोठ्या ऑपरेशनआधी सही घेता ना? त्या कागदावर अजून एक चौकोन छापा: 'हे ऑपरेशन झालेल्या व्यक्तीला भेटायचे आहे, होय/नाही.' नको असेल त्याने नाही म्हणावं. याला मशीन लागत नाही, टेंडर लागत नाही (म्हणूनच होत नसावं, असा एक दुष्ट विचार मनात येतो). आणि आमच्या कंपन्यांनी पुढच्या ऑक्टोबरात फुग्यांऐवजी या रिक्षाभाड्याला पैसे द्यावेत. पोस्टरवर लोगो टाका हवा तर.

मामा तयार आहेत. दुपारी दोन ते चार सोडून, कारण ती त्यांची झोपेची वेळ. त्यांनी एका वहीत मापांची चित्रंसुद्धा काढून ठेवलीत, लेथवाल्याच्या पद्धतीने, मिलिमीटरमधे. अजून कुठल्या हॉस्पिटलातून विचारायला कोणी आलेलं नाही.