कोठाराची किल्ली

अमेरिका म्हटली कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें तेथील कोट्यधीश उभे राहतात. त्या कोट्यधीशांचा उदय झाला त्या काळांत तेथील शेतकऱ्याची स्थिति काय होती, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आपल्या वाचकांनीं तें अवश्य विचारावें असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

1862 च्या कायद्यानें तेथें कसणारास 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळूं लागली. (ती मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती, हें विसरूं नये.) परंतु त्याच सरकारनें आगगाडीच्या कंपन्यांस एकंदर सुमारें 13 कोटी एकर जमीन बहाल केली. शेतकऱ्यानें गहूं पिकवावा, तर गांवाजवळ कंपनी एकच. कोठारांत वजन कोठारवाल्याचें, मालाची प्रत ठरविणारा तोच, आणि भाडें कंपनी सांगेल तें. जेथें दोन कंपन्यांची चढाओढ असे तेथें दर उतरत. ती तूट आडगांवच्या शेतकऱ्याकडून भरून काढीत. त्यामुळें कित्येकदां जवळच्या पल्ल्यास दूरच्यापेक्षां अधिक भाडें पडे! शिकागो येथील 14 मोठीं कोठारें 9 पेढ्यांच्या हातीं असून त्या आपसांत दर ठरवीत.

याविरुद्ध 'ग्रेंज' ही शेतकऱ्यांची संस्था उठली. ती 1867 सालीं ऑलिव्हर केली यानें इतरांच्या साह्यानें काढिली. हा गृहस्थ शेतकी खात्यांत कारकून होता. आम्हां कारकुनांस ही गोष्ट थोडी सुखावते, इतकेंच. 1875 पर्यंत साडेआठ लक्षांच्या आसपास सभासद झाले, आणि स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश होता. संस्थेनें दुकानें काढिलीं, कापणीचीं यंत्रें करण्याचाही उद्योग आरंभिला. त्यांतील बरेंच बुडालें. परंतु इलिनॉय संस्थानांत 1871 सालीं कोठारांच्या दरांस मर्यादा घालणारा कायदा झाला, आणि "आमच्या मालमत्तेचा दर आम्हीच ठरवूं" हें कोठारवाल्यांचें म्हणणें 1877 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अमान्य केलें. जी मालमत्ता लोकांच्या उपयोगास लाविली, तिच्यावर लोकांचें नियंत्रण असूं शकतें, असा तो निकाल होता. माझ्या मतें त्या साऱ्या चळवळीची खरी कमाई हीच होय.

पुढें 1886 सालीं ठरलें कीं संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालाचा दर संस्थानास बांधतां येत नाहीं; म्हणून 1887 सालीं मध्यवर्ती मंडळ नेमिलें. पण त्यास कमाल दर ठरवून देण्याचा स्पष्ट अधिकार 1906 सालीं मिळाला! एकुणीस वर्षें मंडळ होतें, कागद होते, आणि कंपन्या कोर्टांत जिंकत होत्या. वजनांत तूट आल्याचे अर्ज मींही पुष्कळांस लिहून दिले आहेत. 'नोंद घेतली' एवढा शेरा घेऊन ते लोक परत येत. म्हणून ही हकीकत वाचतांना मला नवल वाटलें नाहीं.

दक्षिणेकडील स्थिति याहून वाईट. तेथें दुकानदार उभ्या कापसावर बोजा चढवून उधारीनें माल देई, व हिशेबाची वही त्याच्याच घरीं. गुलामगिरींतून सुटलेले काळे शेतकरी आणि पुष्कळ गरीब गोरेही त्या वहींत अडकले. आम्हांस हें परकें वाटूं नये. तेथील युद्ध चाललें तोंपर्यंत आमच्या कापसास तेजी होती. 1865 सालीं तें मिटतांच भाव कोसळले, कर्जें मात्र राहिलीं, आणि 1875 सालीं सुपें येथें सावकारांचीं कागदपत्रें जळालीं.

शेतकऱ्यांच्या पक्षानें 1892 सालीं ओमाहा येथें ज्या मागण्या केल्या, त्यांत एक अशी होती: माल सरकारी कोठारांत ठेवावा, त्याच्या तारणावर अल्प व्याजानें रक्कम द्यावी, म्हणजे सुगीच्या पडत्या भावांत विकणें नको. पक्षास दहा लक्षांवर मतें पडलीं, पण मागणी त्या वेळीं मान्य झाली नाहीं. पुढें 1896 सालीं रुप्याच्या नाण्याच्या वादांत तो पक्ष वाहून गेला. ही त्याची मोठी चूक, असें मी समजतों.

आपल्याकडे शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. आपल्या किती सभासदांनीं गेल्या हंगामांत तूर वा सोयाबीन ठेवून पावती घेतली, आणि ज्यांनीं घेतली नाहीं त्यांस अडचण कोठें आली, हें येत्या सभेंत नांवनिशीवार लिहून घ्यावें, अशी चिटणिसांस विनंति आहे. यादी करण्याचें काम मी करीन.