सायकल्स नव्हे, सायकली

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. एक नांगर, दहा नांगर; कुणाचे काही अडले नाही. मग आजच्या समीक्षकालाच ‘ब्रेक्स’, ‘टायर्स’, ‘सायकल्स’ यांवाचून का करमू नये?

पंक्चर काढणारा म्हणतो, ‘ब्रेक लागला’, ‘ब्रेक लागले’. वचन क्रियापद सांगते, ‘हात’ या शब्दाचे सांगते तसेच. ‘भिंती’च्या चालीवर ‘सायकली’ आणि ‘चेनी’, ‘घरे’च्या चालीवर ‘पायडले’. परका शब्द घरात घेताना मराठीने त्याला लिंग दिले. अनेकवचन त्यामागून आपसूक आले. (कात्री आणि विजार इंग्रजीत सदैव अनेकवचनी. आपण दोन्ही खुशाल एकवचनी ठेवल्या!)

खरी हानी सामान्यरूपाची आहे. ‘सायकलींच्या’ऐवजी ‘सायकल्सच्या’ लिहिले की विभक्तीचा सांधाच निखळतो. ‘टायरांना’ कानाला खटकते म्हणणाऱ्यांना ‘स्टेशनांवर’ कसे खटकत नाही?

एका प्रबंधात विद्यार्थ्याने लिहिलेले ‘सायकली’ खोडून वर ‘सायकल्स’ केलेले मी पाहिले आहे. खोडणारे मराठीचेच प्राध्यापक होते.