यात्रेच्या गावी भाकरी का मिळू नये?

बीड जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, हे नव्याने सांगण्याचे कारण उरलेले नाही. परळीचा वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी व तेथील मुकुंदराजांची समाधी, मन्मथस्वामींचे कपिलधार, पाटोदा तालुक्यात सौताड्याच्या दरीत कोसळणारी विंचरणेची धार आणि तिच्या पायथ्याचा रामेश्वर, ही स्थळे श्रावणात, शिवरात्रीस आणि सुटीच्या दिवशी माणसांनी फुलून जातात. दर्शन होते, छायाचित्रे निघतात, आणि मग पोटाचा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नास आपली यात्रेची आणि सहलीची गावे जे उत्तर देतात, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

हे उत्तर बहुधा एकच असते, ते म्हणजे पाव. वड्याबरोबर पाव, भाजीबरोबर पाव, आम्लेटाबरोबर पाव; आणि दुकानदार अंमळ पुढारलेला असला, तर काकडी-टोमॅटोच्या चकत्या घालून साच्यात दाबून भाजलेले सँडविच. कोणा एका गावाचे किंवा दुकानाचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही, कारण हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे. ज्या बालाघाटाच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या रब्बीची ज्वारी डोलत आली, तेथे पाहुण्यास भाकरी हमखास मिळेल असा भरवसा नसावा, आणि ती मागताना त्यालाही संकोच वाटावा, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आमचे पावाशी वैर आहे, असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला आणि आता घरचा झाला. सँडविचलाही अठराव्या शतकातील एका इंग्रज उमरावाचे, सँडविचच्या चौथ्या अर्लचे, नाव मिळाले. जेवणासाठी जागेवरून उठण्याची खोटी नको, म्हणून त्याने पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागविले, अशी आख्यायिका आहे. परंतु ज्या अडचणीवर त्या उमरावाने हा तोडगा काढला, तीच अडचण आमच्या शेतकऱ्याने फार पूर्वी सोडविली होती. तळहातावर भाकरी, तिच्यावर ठेचा आणि बाजूस बुक्कीने फोडलेला कांदा, की ताटही तेच आणि जेवणही तेच! एकास जगभर प्रतिष्ठा मिळावी आणि दुसऱ्यास आपल्याच शिवारात ओशाळे व्हावे लागावे, एवढीच आमची तक्रार आहे.

परदेशाचे उदाहरण दिल्यावाचून आपल्या सुशिक्षितांस पटत नाही, म्हणून तेही देतो. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात उंच कुरणांवर गुरे राखणारे लोक चीजचा मोठा तुकडा विस्तवाजवळ धरीत आणि त्याचा वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यांवर खरडून घेत. हे गुराख्यांचे साधे अन्न. आज बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जगातून लोक ज्या पहाडी गावांत जमतात, तेथे हेच ‘राक्लेट’ मोठ्या मानाने वाढले जाते. आमची मराठी मंडळी ते खाऊन येतात आणि घरी आल्यावर त्याचे वर्णन करतात. मौज अशी की, याच मंडळींसाठी सहली काढणाऱ्या संस्थांना पुष्कळदा आपले स्वयंपाकी बरोबर न्यावे लागतात! आल्प्सच्या पायथ्याशी वरणभातावाचून ज्यांचा घास अडतो, त्यांस बालाघाटाच्या पायथ्याशी मात्र सँडविच हवे असते. याला रसिकता म्हणावे की न्यूनगंड, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर दुकानदाराचा आक्षेप असा की, भाकरी हा दुकानी जिन्नस नव्हे. गव्हाच्या पिठास चिकटपणा देणारे ग्लूटेन ज्वारीत नसते; म्हणून तिचे पीठ ऊन पाण्यात मळून, थापून, लगेच भाजावे लागते, आणि भाकरी तव्यावरची गरम खावी तेव्हाच तिची गोडी. पाव सकाळी आणावा आणि रात्रीपर्यंत विकावा. अडचण खरी आहे. पण ती अजिंक्य नाही. पुण्याजवळ सिंहगडावर जाऊन पाहावे. तेथे गडावरील व आसपासच्या बायाबापड्या पिठले-भाकरी, भरीत आणि मडक्यातले दही वाढतात, आणि शहरातील माणसे तेवढ्यासाठी गड चढतात. हिवाळ्यात हुरड्यासाठी शेतावर जाऊन पैसे मोजणारेही हेच लोक. अर्थात गिऱ्हाईक नाही, ही सबब टिकत नाही.

खरे मूळ निराळेच आहे. आपण धान्यांतही उच्चनीच भेद मानतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदळाचा भाव किलोस ३ रुपये, गव्हाचा २ रुपये आणि भरड धान्याचा १ रुपया ठरविला. गरिबाची सोय म्हणून ते योग्यच झाले. पण समाजाच्या मनातली उतरंडही त्यात नकळत उमटली. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीस ‘पौष्टिक धान्ये’ ही पदवी दिली, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. कागदावर सन्मान झाला. पंगतीत अद्याप झाला नाही.

आणि हा केवळ जिभेचा प्रश्न नव्हे. मैदा बाहेरगावाहून येतो व त्याचा पैसा बाहेरगावी जातो. ज्वारीचे तसे नाही. तिचे दाणे माणसास आणि कडबा बैलास, असा एकाच पिकात सारा संसार असतो. कापूस आणि सोयाबीन यांच्यापुढे ती मागे सरत आहे, आणि जे धान्य कोणी मागत नाही ते शेतकरी किती दिवस पेरील? त्याहून मोठी गोष्ट भाकरी थापणाऱ्या हाताची. या जिल्ह्यातून दर वर्षी लाखांनी माणसे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. त्यांतील बाई पहाटेच्या अंधारात चूल पेटवून कुटुंबाच्या भाकरी भाजते आणि मग दिवसभर फडात राबते. त्या भाकरीचा मोबदला तिला कोणीच देत नाही. तीच विद्या सिंहगडावर चार पैसे मिळविते; सौताड्यास किंवा परळीस का मिळवू नये? एवढ्याने ऊसतोड थांबेल, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण काही घरांत हंगामापुरता का होईना, स्वतःच्या गावी कमावलेला पैसा येईल, हे थोडे नव्हे.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आणि ग्रामपंचायतींस आमची सूचना आहे की, देवळाच्या वाटेवर गावच्या बचत गटांस चुलीपुरती जागा, सावली आणि स्वच्छ पाणी द्यावे. आणि वाचकांस सूचना अशी की, पुढच्या सहलीत मुलांसमक्ष, मोठ्या आवाजात भाकरी मागावी. ती येईपर्यंत थांबण्याचा धीर धरावा. आणि सँडविचला घासाघीस न करता जो भाव देतो, तो भाकरीस देताना कुरकुर करू नये. दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून तवा ठेवतो. त्याने आजवर पाव विकला, कारण आपण तोच मागितला.