तयारी कोणाची व्हायची आहे?

समलिंगी माणसांबद्दल उघड द्वेषाने बोलणारे सुशिक्षित घरांत आता कमी भेटतात. त्या द्वेषाची जागा एका सभ्य वाक्याने घेतली आहे : ‘आमचं काही म्हणणं नाही हो, पण समाज अजून तेवढा परिपक्व झालेला नाही.’ आधी खंडन व्हायला हवं ते याच वाक्याचं. ते बोलणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, आणि ज्याच्याविषयी बोललं जातं त्याची उमेदीची वर्षं मात्र वाट पाहण्यात जातात.

समाज तयार नव्हता, म्हणून तर लैंगिक शिक्षणासाठी झटणाऱ्या र. धों. कर्व्यांवर खटले झाले. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. 1934 मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. मराठी माणसापुढे हा विषय येऊन नव्वद वर्षं उलटली आहेत. तयारीला आणखी किती पिढ्या लागणार आहेत?

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ’ हा आक्षेप तर लगेच निकालात निघतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. इंग्लंडने स्वतःच्या घरातला तसा कायदा 1967 मध्ये सैल केला. आपण मात्र सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांना 6 सप्टेंबर 2018 पर्यंत गुन्हा मानत राहिलो. ‘हा आजार आहे’ असं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली.

या सगळ्याहून घातक समजूत आपल्या घरांत आहे : ‘लग्न लावून द्या, सगळं ताळ्यावर येईल.’ मुलाने धीर करून आईवडिलांना सांगितलेलं असतं. तरीही पत्रिका बाहेर पडते, स्थळं येतात, कांदेपोहे होतात. जी मुलगी माप ओलांडून त्या घरात येते, तिला कोणी काही सांगत नाही. नवरा जवळ येत नाही म्हणून ती स्वतःलाच दोष देत राहते. वर्षभरात पाळणा हलला नाही की बायका तिलाच डॉक्टरांचे पत्ते देतात. मुलगी समलिंगी असली तर तिच्या वाट्याला आणखी वाईट येतं, कारण तिला नको असलेला स्पर्श ‘संसार’ या नावाखाली रोज सोसावा लागतो. एका सत्याला नकार देण्यासाठी दोन आयुष्यं जाळायची आणि त्याला कुटुंबाची अब्रू म्हणायचं, याला मी अज्ञान म्हणणार नाही. माहीत असून केलेला तो अन्याय आहे.

मग परिपक्वता म्हणजे काय? 2021 मध्ये मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला निघून आल्या आणि संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे आलं. या विषयात आपली समज अपुरी आहे आणि पूर्वग्रह आपल्याही मनात आहेत, हे त्यांनी लपवलं नाही. निकाल देण्याआधी ते मानसशास्त्रज्ञांपुढे शिकायला बसले, समलिंगी माणसांशी बोलले आणि मग जूनमध्ये त्यांनी आदेश दिला. ‘बरं करण्याच्या’ नावाखाली चालणाऱ्या उपचारांना त्यांनी मनाई केली, पोलिसांना वागणुकीचे नियम घालून दिले. समाज तयार होईल म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी स्वतःची तयारी केली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जमलं ते मामा-काकांना, शाळेतल्या बाईंना, सोसायटीच्या सेक्रेटरींना का जमू नये? संस्कार आड येतात, हे कारण मला पटत नाही. त्या न्यायमूर्तींवरही संस्कार होतेच.

‘घरात काय ते करा, चारचौघांत कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा आपल्याकडे पाहावं. आपलं प्रेम लग्नपत्रिकेवर छापलं जातं, उखाण्यात घेतलं जातं, गळ्यात घातलं जातं. तेवढंच या माणसांनी केलं, जोडीदाराचा हात धरून पुण्याच्या रस्त्यावर चालले, की ते प्रदर्शन कसं ठरतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने एवढं स्पष्ट केलं, की संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंदी नाही. वारसा मात्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी मृत्युपत्र करावं लागतं. आणि त्या मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान द्यायला येणारे बहुधा सख्खेच असतात. जो भाऊ आज ‘आमचं काही म्हणणं नाही’ असं म्हणतो आहे, त्याने साक्षीदार म्हणून त्या कागदावर सही करावी.